बिनपाण्याचा समुद्र

खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीपाशी उभं राहिल्यावर समुद्र आठवावा असं तिथे काहीही नाही. वर उघडं आकाश, भोवती लॉर्ड कर्झनच्या काळात बसवलेली संगमरवरी जाळी, मधोमध माती आणि त्या मातीत एक रोप. त्या कबरीवरून अलीकडे जे राजकारण पेटलं आणि दारात जो पोलिसांचा पहारा आला, तो वेगळ्या लेखाचा विषय. मला मात्र तिथे गेलं की एक जहाज आठवतं. गंज-ए-सवाई. इतिहासातला सर्वांत गाजलेला समुद्री दरोडा ज्याच्या जहाजावर पडला, तो बादशहा आमच्या कोरड्याठाक शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर विसावला आहे.

सप्टेंबर १६९५. हजचे यात्रेकरू आणि व्यापाराचा पैसा घेऊन हे जहाज सुरतेकडे परतत होतं. मोगल इतिहासकार खाफीखानाने दिलेला हिशेब असा: ८० तोफा, ४०० बंदुका आणि ५२ लाख रुपयांचं सोनं-चांदी. समोर हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याचं जहाज, 'फॅन्सी'. लढाईच्या सुरुवातीलाच मोगल जहाजावरची एक तोफ जागच्या जागी फुटली, माणसं दगावली. शत्रूच्या गोळ्याने डोलकाठी जायबंदी झाली. कप्तान इब्राहिमखान जहाजाच्या पोटात जाऊन लपला आणि मोख्याहून आणलेल्या तुर्की दासींच्या डोक्याला पगड्या बांधून त्यांनाच लढायला उभं केलं, असं खाफीखान चिडून लिहितो. पुढे लूट झाली, बायकांवर अत्याचार झाले, काहींनी अब्रू वाचवायला जीव दिला. बादशहा तेव्हा भीमेकाठी ब्रह्मपुरीच्या छावणीत होता, मराठ्यांमागे धावून दमलेला. त्याने सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांना कैदेत टाकलं. एव्हरीच्या डोक्यावर इनाम लागलं, त्याच्या पाच साथीदारांना १६९६ मध्ये लंडनला फाशी झाली. एव्हरी मात्र कुणालाच सापडला नाही.

आणि जो सापडत नाही त्याच्याविषयी लोक हवं ते बोलायला मोकळे. १७१२ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात त्याच्यावर बेतलेलं 'द सक्सेसफुल पायरेट' हे नाटक लागलं. त्यात हा दरोडेखोर मादागास्करचा राजा झालेला. अफवा तर अशी की गंज-ए-सवाईवर मोगल राजकन्या होती आणि तिने त्याच्याशी लग्न लावलं. सतरा वर्षांत बलात्कारी लुटारूचा प्रेमवीर झाला. पुढे मुक्या चित्रपटांत दिसणारा उमदा चाचा, ज्याला शेवटी राजकन्या मिळते, त्याच्या कुळातला एक मूळपुरुष हा आहे. आमच्या शेजारच्या कबरीतल्या बादशहाच्या पैशावर मोठा झालेला.

*

हा सगळा इतिहास मी वाचला तो उलट्या बाजूने. आधी डग्लस फेअरबँक्सचा 'द ब्लॅक पायरेट' पाहिला आणि मग हे चाचे खरे कसे होते याची चौकशी करत गेलो.

'द ब्लॅक पायरेट' १९२६ चा. फेअरबँक्स तेव्हा चाळिशी ओलांडलेला. चॅप्लिन, मेरी पिकफर्ड आणि ग्रिफिथ यांच्याबरोबर १९१९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स काढून बसलेला, म्हणजे स्वतःच मालक, स्वतःच नायक, आणि एल्टन टॉमस हे आपल्याच लांबलचक नावातले दोन तुकडे जोडून कथालेखकही. दिग्दर्शक अल्बर्ट पार्कर. गोष्ट पाच वाक्यांत संपते. चाचे एक जहाज लुटून कैद्यांसकट उडवून देतात. त्यातून एक बाप-लेक बेटावर पोचतात, बाप मरतो. मुलगा सूड घ्यायचा म्हणून त्याच चाच्यांच्या टोळीत शिरतो आणि आपली लायकी दाखवायला एकट्याने एक जहाज काबीज करतो. त्या जहाजावर राजकन्या. पुढचं तुम्हीही सांगाल.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सिडकोतल्या आमच्या कॉलनीच्या सभागृहात हा चित्रपट पोरांना दाखवला. संगीत मुद्दामच बंद ठेवलं, कारण मला पाहायचं होतं की रिकाम्या शांततेत पोरं काय करतात. पहिली दहा मिनिटं चुळबुळ, मोबाइलचा उजेड, 'काका, आवाज येत नाहीये' ही तक्रार. मग तो अंगठीचा प्रसंग आला. एक कैदी चाच्यांच्या हाती लागू नये म्हणून आपली अंगठी गिळतो. चाच्यांचा म्होरक्या एकाला नुसती खूण करतो. तो माणूस चौकटीबाहेर जातो आणि परत येतो तेव्हा हातात अंगठी असते, तलवार माखलेली असते. बस. पोट फाडताना दाखवलेलं नाही, किंकाळी ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. मागच्या रांगेतली खुसपुस तिथे थांबली ती थांबली.

मग पोरांनी आपणहून दोन कामं वाटून घेतली. इंग्रजी पाट्या पडद्यावर आल्या की मोठी मुलं त्या वाचून धाकट्यांना मराठीत सांगायला लागली, मध्येच कुणी आपल्या गल्लीतल्या दखनीत. आणि मारामारीत तलवारींचे आवाज तोंडाने काढणारे आपोआप तयार झाले. शंभर वर्षांपूर्वीच्या तंबूत हेच चालायचं. पडद्याशेजारी पेटी-तबला, आणि पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा एक माणूस, कारण बसलेल्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नसे. मुक्या चित्रपटाचं प्रेक्षागृह मुकं कधीच नव्हतं.

शिडाचा प्रसंग पोरांनी पुन्हा लावायला लावला. फेअरबँक्स डोलकाठीवर सरसर चढतो, अवाढव्य फुगलेल्या शिडात सुरा खुपसतो आणि त्या सुऱ्याच्या मुठीला लोंबकळत, कापड उभं चिरत खाली येतो. शीड दुभंगतं, जहाज लंगडं होतं. मग दुसऱ्या शिडावर तेच. 'हा पडत का नाही?' एकाने विचारलं. दुसरा शास्त्रज्ञ निघाला, 'सुरा इतका हळू कसा कापतो?' प्रश्न अचूक होता. २००७ मध्ये 'मिथबस्टर्स' या कार्यक्रमवाल्यांनी प्रयोग करून पाहिला आणि नुसत्या सुऱ्याच्या भरवशावर माणूस असा संथ उतरू शकत नाही असं दाखवलं. फेअरबँक्सच्या मंडळींनी शीड आधीच फाडून कच्च्या टाक्यांनी जोडलं होतं, शीड आणि कॅमेरा दोन्ही कलते ठेवले होते आणि सुऱ्याला मागून आधार होता, असं सांगतात. म्हणजे युक्ती आहेच. पण त्या युक्तीवर जो लोंबकळतोय तो माणूस खरा आहे, त्याचं वजन खरं आहे. खाली पोचल्यावर तो जो हसतो ते हसू पोटातून आलेलं आहे. आजच्या चित्रपटात संगणकावर आख्खा समुद्र उभा करतात आणि नायकाच्या शर्टाला सुरकुती पडत नाही. पोरांना हा फरक शब्दांत सांगता आला नसेल, पण कळला होता.

त्याच चित्रपटात शेवटाकडे राजकन्येला सोडवायला सैनिकांची तुकडी पाण्याखालून पोहत येते. माशांसारखी, ओळीने. त्या प्रसंगात पाण्याचा थेंब नाही. माणसं कोरड्या स्टुडिओत तारांना टांगलेली आहेत आणि हवेत हातपाय मारताहेत. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. ज्या शहरात नळाला पाणी येण्याचा वार पाठ करावा लागतो, तिथल्या माणसाला बिनपाण्याच्या समुद्राचं अप्रूप वाटणारच.

आणि इथेच या चित्रपटांच्या ओढीचं मर्म आहे असं मला वाटतं. यांचा समुद्राशी संबंध बेताचाच. १९२४ मध्ये फ्रँक लॉइडने 'द सी हॉक' केला, त्यासाठी खरीखुरी पूर्ण मापाची जहाजं बांधून समुद्रात सोडली. पाहायला भव्य, पण दोन तासांत मला दोनदा डुलकी लागली. जहाज तरंगतं की नाही याच्याशी पोरांना देणंघेणं नसतं. त्यांना हवी असते एक उंच काठी, एक दोर, आणि त्या उंचीला न घाबरणारा माणूस. समुद्र म्हणजे फक्त खाली पडलं तर काय, याचं उत्तर. त्या उत्तराच्या जागी दरी असली तरी चालतं.

रंगांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. 'द ब्लॅक पायरेट' अख्खा रंगीत आहे, पण टेक्निकलरच्या त्या वेळच्या फक्त दोन रंगांतला, लालसर आणि हिरवट. आकाश निळं दिसतच नाही. फेअरबँक्सने ती मर्यादा हुशारीने वापरली. सगळं जुन्या तेलचित्रासारखं, तपकिरी, धुरकट ठेवलं, हॉवर्ड पाइलच्या चाच्यांच्या चित्रांवर नजर ठेवून. तांत्रिक भानगड मात्र अशी की या प्रतींत दोन फिती एकमेकींना पाठीला पाठ चिकटवलेल्या असत. प्रोजेक्टरच्या उष्णतेने त्या वाकत आणि चित्र मध्येच धूसर होई. ऑपरेटर बिचारे शिव्या घालत बसत असणार.

*

फेअरबँक्स हिंदुस्थानात किती चालला याचा सरकारी पुरावा आहे. टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली १९२७-२८ मध्ये ब्रिटिश सरकारने सिनेमाची चौकशी करायला समिती नेमली. तिने गावोगावच्या साक्षी घेतल्या आणि लिहून ठेवलं की या देशात सर्वांत लोकप्रिय ठरलेला चित्रपट बहुधा फेअरबँक्सचा 'द थीफ ऑफ बगदाद'. जे. बी. एच. वाडिया तर त्याचे उघड भक्त. त्यांच्या 'हंटरवाली'त १९३५ मध्ये नादियाने जो आसूड फिरवला त्याची वादी थेट 'द मार्क ऑफ झोरो'पर्यंत जाते.

आमचं शहर तेव्हा निजामाच्या राज्यात. दरबारी भाषा उर्दू, गल्लीत मराठी आणि दखनी, पलीकडच्या जिल्ह्यांत तेलुगू आणि कानडी, आणि वाचता येणारे सगळ्याच भाषांत विरळा. अशा मुलखात मुका चित्रपट म्हणजे सगळ्यांना सारखाच कळणारा एकमेव तमाशा. १९०० च्या सुमारास मनमाडकडून मीटरगेजची गाडी सुरू झालेली होती, आणि फिरत्या सिनेमाला रुळांपलीकडे फारसं काही लागत नसे. निजामाला मात्र सिनेमाचा भरवसा नव्हता. धीरेंद्रनाथ गांगुली या बंगाली कलावंताने १९२२ मध्ये हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली, चांगली चालवली. १९२४ मध्ये त्याच्या थिएटरात 'रझिया बेगम' लागला. मुसलमान राणी एका हिंदू प्रजाजनाच्या प्रेमात पडते अशी ती कथा. गांगुलींना राज्य सोडून जायचा हुकूम निघाला. 

समुद्रावरच्या साहसाची चित्रं या भागाला काही परदेशी चित्रपटांनी पहिल्यांदा दाखवलेली नाहीत. अजिंठ्याला जा. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्णाची कथा रंगवली आहे. हा पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा. त्याच्या भावाचं जहाज भर समुद्रात संकटात सापडतं, त्या जहाजाला तीन डोलकाठ्या आहेत आणि टोकाशी घडे रचून ठेवलेले आहेत. माल कसा भरत हे चित्रकाराला नीट ठाऊक होतं. पण माझं लाडकं चित्र सतराव्या लेण्यातलं, आत शिरल्यावर उजव्या भिंतीवरचं. सिंहल नावाचा व्यापारी. जहाज फुटतं, व्यापारी एका बेटाला लागतात, तिथे देखण्या बायका त्यांचं आगतस्वागत करतात आणि त्या निघतात राक्षसिणी. एक पांढरा घोडा सिंहलाला पाठीवर घेऊन उडत निसटतो. एक राक्षसीण रूप पालटून त्याच्या मागोमाग येते, राजाला भुलवते आणि राजवाडाच फस्त करते. मग सिंहल राजा होतो आणि फौज घेऊन बेटावर परत चाल करून जातो.

ती चढाई बघायला अंधाराला डोळे सरावू द्यावे लागतात. फ्लॅश चालत नाही, दिवे मिणमिणते, मागून शाळेची सहल ढकलत असते. हळूहळू नावा दिसायला लागतात. नावांत हत्ती उभे आहेत. हो, हत्ती. अंबारीशिवाय, दाटीवाटीने, सोंडा उचललेले, वर भालाईत. त्याच भिंतीवर वर-खाली, आधीचं-नंतरचं सगळं एकात एक मिसळलेलं, चौकटी नाहीत, पाट्या नाहीत. गोष्ट ठाऊक असलेला कुणीतरी शेजारी उभा राहून बोटाने दाखवत असणार: हा बघ घोडा, ही बघ ती. पाचव्या शतकातली ही भिंत किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, वाघूरच्या घळीत आहे. तिच्या चित्रकारांपैकी किती जणांनी समुद्र पाहिला असेल? हत्ती पाहिले असणार हे नक्की. अनोळखी समुद्रात त्यांनी ओळखीचे हत्ती आणून सोडले आणि चित्र जिवंत झालं.

*

मराठी मुक्या चित्रपटानेही पुढे हेच केलं, फक्त हत्तींच्या जागी गड आणला.

कोल्हापूर हेही समुद्रापासून घाटाने तोडलेलं गाव. पण तिथे शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिलेला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान बांधलेलं, पेठापेठांत तालमी. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली तेव्हा त्यांच्या दाराशी नटांपेक्षा पैलवान जास्त होते. १९२० च्या 'सैरंध्री'त भीम झाले बाळासाहेब यादव आणि कीचक झुंजारराव पवार. तो कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरला हस्तक्षेप करावा लागला. टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच चित्रपटानंतर.

मग १९२३ चा 'सिंहगड'. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरचा. पेंटर स्वतः शिवाजी महाराज, तरुण शांतारामबापू शेलारमामा. रात्रीची चढाई दाखवायला कृत्रिम दिव्यांचा वापर केल्याबद्दल या चित्रपटाची नोंद घेतली जाते. ही गोष्ट नीट बघा. कडा आहे, दोर आहे, तो दोर मागून कापला जातो, परतीची वाट बंद. खाली समुद्र नाही एवढंच. फेअरबँक्सच्या 'ब्लॅक पायरेट'च्या आधी तीन वर्षं कोल्हापूरकरांनी तीच उंची आणि तोच दोर पडद्यावर आणला होता, आणि मराठी प्रेक्षकाला घोरपडीची कथा पाळण्यापासून पाठ होती. इतिहासकार घोरपडीची गोष्ट मानत नाहीत, ते बरोबरच आहे. पण दोराच्या टोकाला लोंबकळणाऱ्या माणसाकडे बघताना श्वास रोखायला इतिहासकाराची परवानगी लागत नाही.

'सिंहगड' आज उपलब्ध नाही. देशात तेराशेच्या आसपास मुके चित्रपट झाले, त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले जेमतेम तीसएक. म्हणून मास्टर विठ्ठलविषयी लिहिताना आपण जाहिराती, फोटो आणि आठवणींवरच जगतो. विठ्ठल महाराष्ट्र फिल्म कंपनीतून आले, १९२४ च्या 'कल्याण खजिना'त पहिल्यांदा झळकले, मग मुंबईच्या शारदा कंपनीने त्यांना उचललं आणि ते तलवारबाजीचे राजे झाले. लोक त्यांना 'हिंदी डग्लस फेअरबँक्स' म्हणत. मुक्या काळातले सर्वाधिक पगार घेणाऱ्या नटांपैकी ते एक. 'आलम आरा'साठी ते शारदा सोडून गेले तेव्हा करारभंगाचा खटला उभा राहिला आणि त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. खटला जिंकला. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये पहिला बोलपट लागला, पोलीस बोलवावे लागले इतकी गर्दी, आणि त्या बोलपटाचा नायक मास्टर विठ्ठल पडद्यावर फारसं बोललेच नाहीत. त्यांच्या हिंदी उच्चारांमुळे बरेच प्रसंग नायक बेशुद्धीत किंवा गुंगीत असल्याचे लिहिले गेले, असं सांगतात. ज्याचं सगळं बोलणं मनगटात, त्याला ध्वनिमुद्रकासमोर उभं केल्यावर दुसरं काय होणार? फेअरबँक्सचंही पुढे तेच झालं. चाच्याने बोलायला सुरुवात केली की आपण चाचा का झालो हे समजावून सांगत बसावं लागतं. मुका असताना तो नुसता उडी मारायचा.

आता एक प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. आपल्याकडे खरे दर्यावर्दी असताना मराठी मुक्या पडद्यावर त्यांचं राज्य का झालं नाही? कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी आपल्या कागदोपत्री चाचाच ठरवलं होतं. कान्होजींचं म्हणणं साधं होतं: आमच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक घ्या, पोर्तुगीज नाही का त्यांचे परवाने विकत? १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर चालून गेला, हात हलवत परतला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागेवर आले, तेही फसले. १७२९ मध्ये कान्होजी वारले तोवर त्यांची गुराबं आणि गलबतं कुणालाही आवरली नव्हती. विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती पडला तो १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आल्यावर. यात चित्रपटाला काय कमी आहे?

पैसा कमी होता, हे एक उत्तर. गलबतं पाण्यात घालून त्यावर कॅमेरा चढवणं कोल्हापूरच्या कंपनीच्या खिशाबाहेरचं. गड फुकट उभे होते. दुसरं कारण सेन्सॉर. प्रभातचा १९३० चा मुका चित्रपट आधी 'स्वराज्याचं तोरण' या नावाने तयार झाला होता, शांतारामबापू त्यात तरुण शिवाजी. सरकारने डोळे वटारले आणि तो 'उदयकाल' होऊन बाहेर आला. ज्यांना गडावरचं तोरण खुपलं, त्यांना आपलीच जहाजं पकडणारा आंग्रे पडद्यावर चालला असता असं मला वाटत नाही. आणि तिसरं, जरा नाजूक: पाश्चात्त्य चाचा हा कायद्याबाहेरचा, घरादाराबाहेरचा, कुणाचाच नसलेला माणूस असतो, त्याचं आकर्षण त्यातच आहे. कान्होजी छत्रपतींचे सरखेल होते. त्यांना चाच्याच्या पोशाखात बसवलं असतं तर मराठी प्रेक्षक पहिल्या खेळालाच उठून गेला असता.

म्हणून चाच्यांची बोट मराठी माणसांनी पडद्यावर आणली ती मुका काळ संपल्यावर, आणि तिच्यावर बाई चढवली. प्रभातचा 'अमर ज्योती', १९३६, पुण्याच्या स्टुडिओतला, हिंदी. दिग्दर्शन शांतारामबापूंचं, कथा के. नारायण काळ्यांची. सौदामिनी झालेल्या दुर्गा खोटे. नवऱ्यापासून वेगळी झालेली ही राणी आपलं मूल मागते, न्याय देणारी मंडळी ते नाकारतात. बाईला मुलावर हक्कच कसला? ती समुद्रावर जाते आणि पुरुषांच्या राज्याविरुद्ध लढाई पुकारते. दुष्ट दुर्जय म्हणजे चंद्रमोहन, त्यांच्या त्या घाऱ्या डोळ्यांसकट. शांता आपटे राजकन्या. चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला. त्यातली चर्चा आज लांबते, गाणी पुरेशी सुंदर, शेवट सौम्य करून टाकलेला. पण दुर्गाबाई जहाजाच्या फळ्यांवर पाय रोवून उभ्या राहतात तेव्हा फेअरबँक्सच्या नायकाचा सूड किती खाजगी आणि लहान होता हे लक्षात येतं. त्याला बापाच्या खुनाचा हिशेब चुकता करायचा असतो आणि मग सरदारकीवर परत जायचं असतं. सौदामिनीला परत जायला जागाच ठेवलेली नाही.

मुक्या मराठी साहसपटांपैकी जो एक खरोखर हाताशी आहे तो पुण्याचाच: अगरवाल फिल्म कंपनीचा 'दिलेर जिगर', १९३१, दिग्दर्शक जी. पी. पवार. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तो जपला आहे. गादी बळकावणारा दुष्ट काका, कसरती करणाऱ्यांत वाढलेला राजपुत्र, दोरावरचे खेळ, तलवारी, तटावरून उड्या. समुद्र नाही, बाकी सगळं आहे. फेअरबँक्स इथे पूर्णपणे पचवून डोंबाऱ्याच्या खेळात मिसळलेला दिसतो. बाळंभट देवधरांपासून चालत आलेल्या मल्लखांबाच्या या मुलखात ते अवघड नव्हतंच. दोरीचा मल्लखांब करणारी मुलगी अंगठ्याच्या बेचक्यात दोर धरून वर जाते तेव्हा जहाजावरचा खलाशी आणखी वेगळं काय करतो?

आणि 'दिलेर जिगर'ची नायिका, मारामारीत नायकाच्या बरोबरीने उतरणारी, ती आमच्या शेजारच्या येवल्याची. अंबू सगुण, वय पंधराच्या आसपास. पुढे ती ललिता पवार झाली. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड चुकून जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डोळा अधू झाला, आणि तलवार चालवणाऱ्या नायिकेची जन्मभराची खाष्ट सासू झाली, रामानंद सागरांच्या 'रामायणा'त मंथरा झाली. कॉलनीतल्या पोरांच्या आज्या मंथरेला पाहून अजून दात-ओठ खातात.

पोरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. मग येत्या सुट्टीत 'दिलेर जिगर' दाखवायचा असं ठरलं आहे. प्रत कशी मिळवायची ते माझ्याकडे लागलं. या वेळी संगीत हवं यावर एकमत आहे, कुठलं यावर नाही. मला संबळ आणि हलगी हवी, पोरं ढोल-ताशावर अडून बसली आहेत, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणताहेत की पेटी-तबल्याशिवाय त्या येणारच नाहीत.